लाल ठिपक्यांची बटणं

आई,

तुमचा आणि आपल्या छोट्या ताईचा डोळा लागला होता, उठवलं नाही. दवाखान्यातून फोन आला. बाळाला पुन्हा नळी लावली आहे. मी निघते. ताईचं दूध तापवून ठेवलंय.

दुपारी नर्सबाई नेहमीसारखा व्हिडिओ कॉल लावून फोन बाळाच्या काचेच्या पेटीत धरतील. काल ताई भावाशी एवढं बोलली, पण तिकडे काहीच ऐकू गेलं नाही, असं त्या आत्ता म्हणाल्या. आपल्या कॉम्प्युटरचा माइकच बंद होता.

माउस आपल्या ताई कार्टीने चहात बुडवलाय, त्याच्या नादी लागू नका. कीबोर्डवरचं खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि आरचं बटण, दोन्हींवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. दोन्ही एकदम दाबा. छोटी चौकट येईल. स्क्रीनला चिकटवलेल्या चिठ्ठीवरची ओळ तिच्यात जशीच्या तशी टाइप करून एंटर मारा. आवाजाची सेटिंग थेट उघडेल. तुम्ही बोललात की तिथली माइकची पट्टी हलली पाहिजे. नाही हलली, तर हेडफोनची पिन काढून परत घाला.

मला आत बाळाजवळ सोडतील की नाही, आवाज पोचतोय का ते तिथून सांगता येईल की नाही, माहीत नाही. म्हणून पट्टी हलल्याशिवाय ताईला सुरू करू देऊ नका. ऐकू आलं नाही तर आपण हॅलो हॅलो करतो. तो काहीच म्हणणार नाही.