हाजींच्या मिशीसाठी आरसा

आदरणीय रिफअतमामा यांस,

दुमयातहून भाचा वजदीचा सलाम. तुमचा गुडघा कसा आहे, मामींचा रुसवा कसा आहे (दोन्ही थंडीत वाढतात), ते कळवावं. इकडे सगळं ठीक. लग्न तेवढं एका टेबलावर अडलं होतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या गावात सुतार नवरदेवाने घरचं सामान दुसऱ्याकडून घेतलं तर मुलगी सोडा, चहाही मिळत नाही. त्यात माझ्या रबाबचे वडील हाजी मुतवल्ली म्हणजे उभा जन्म लाखेचं पॉलिश घासण्यात घालवलेला माणूस. त्यांनी जाहीर केलं, "तुझ्या टेबलात मला माझी मिशी दिसेल, त्या दिवशी तारीख धरू." म्हणून तर बोटी बांधणाऱ्या तुमच्याकडून काचेसारखा थर देणाऱ्या एपॉक्सीचे डबे मागवले.

पहिला थर छान बसला. तो नख उमटण्याइतका मऊ असतानाच दुसरा ओत, कडक झाला तर आधी घास, असं तुम्ही बजावलं होतं. पण हाजी नेमके तेव्हाच मिशब्बक मिठाईचा पुडा घेऊन आले आणि गप्पांत थर कडक झाला. मी पॉलिश पेपर उचलला, तर ते ओरडले, "अरे शहाण्या, आलेली चकाकी खरवडतोस?" आणि खिशातलं मेणाचं फडकं काढून (ते रुमालासारखं बाळगतात) त्यांनी टेबल असं पुसलं, जणू नातवाचं तोंड. होणाऱ्या सासऱ्याच्या हातातलं फडकं कोण काढून घेणार? दुसरा थर मेणावर कुठला धरतोय! जागोजागी गोळा झाला आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघाला. "मामाचा माल भेसळीचा," हाजी म्हणाले.

मग मेण स्पिरिटने काढलं, टेबल धुतलं, वाळवलं आणि दुधी होईपर्यंत घासलं. ते बघून रबाब रडवेली झाली. "तुला लग्न करायचंय ना रे?" धूळ पुसून थर ओतला, वरून ज्योत फिरवून बुडबुडे घालवले. (आई दृष्ट काढायला धूप घेऊन आली होती, तिला राखेसकट दारातच थोपवलं.) आणि मामा, धुकं विरावं तसा दुधीपणा गेला! जैतुनाच्या लाकडाची रेघ न् रेघ दिसू लागली.

हाजी आले. वाकले. आणखी वाकले. "मिशी पांढरी झाली की रे," असं पुटपुटले आणि ईदनंतरचा पहिला गुरुवार देऊन गेले.

तुमचा भाचा,
वजदी

ता. क. हाजी वाकले तेव्हा थर ओला होता. मिशीचा एक केस टेबलात अडकून राहिला आहे, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यांना पत्ता नाही. लग्नाआधी सामान बघायला अख्खी गल्ली येईल, तेव्हा मामींचं मासे वाढायचं तबक घेऊन या आणि त्या कोपऱ्यावर ठेवून समोर बसा. कोणी तबक उचलू लागलं तर गुडघा धरून ओरडा.

पुन्हा ता. क. तबक नको. रबाबने केस पाहिला, पोट धरून हसली, मग म्हणाली, "राहू दे. बाबांची आठवण आली की बघेन." आता केस पुरता आत जावा म्हणून वरून आणखी एक थर द्यायचा आहे. घासताना केस तुटू नये म्हणून काय करायचं, ते लगेच कळवा.