पाखरं हाकायचा आवाज

आई, सगळ्यांत आधी आली ती माझी धाकटी जाऊ. रेडिओवाल्या पोरी अजून म्हसवडच्या रस्त्यालाच होत्या आणि ही ठेवणीतलं लुगडं नेसून आमच्या सोप्यात हजर. रेडिओत लुगडं दिसत नसतंय म्हटलं, तर म्हणाली, पोरींना तरी दिसंल. मग त्या दोघी आल्या. आपल्यासारख्याच घरच्या, एकीची आई अजून दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जाते. म्हसवडातल्या छोट्या रेडिओवर बायकांचा कार्यक्रम चालवतात, म्हाताऱ्यांकडून जुनी कामं वदवून घेतात. जोंधळ्यावरची पाखरं कुणी राखली, असं विचारत माझ्यापर्यंत पोचल्या.

मी कुठली राखते, राखलीस तू. तासगावकडं तेव्हा एवढी द्राक्षं नव्हती, आपल्या शिवारात नुसता जोंधळा. तू लाकडी माळ्यावर उभी, हातात गोफण, आणि हाक अशी की दगड सुटायच्या आधीच थवा उठायचा. मी खाली हुरडा खात तुझ्याकडं बघते आहे. आणि तीच तू घरी आलीस की डोईवर पदर, दादांशी, सख्ख्या नवऱ्याशीसुद्धा दाराआडून बोलणार. एकदा मी अंगणात मोठ्यानं हसले तर माझ्या तोंडावर हात दाबलास. "रानातला आवाज रानात ठिवून यायचा," म्हणालीस. हाताला कणसांचा वास होता. राग नाही आला मला, पण आवाज खाली गेला तो गेलाच. सासरी आले, सुना आल्या, तरी खालीच.

म्हणून पोरीनं माइक पुढं धरला तर तोंडातून वारासुद्धा निघेना. जाऊ लगेच पुढं सरकली, हिला न्हाई जमायचं, मी सांगते म्हणाली. पण ती पोरगी माझ्याकडंच बघत होती. "आजी, काय सांगूच नका. आईवानी एक हाक मारून दावा."

उठले, दारात गेले आणि मारली. कोंबड्या उधळल्या, लिंबावरचे कावळे उडाले, आणि आमचे मालक हातात विळा घेऊन रानातून पळत आले, काय झालं म्हणून. जाऊ हसून लोळायची बाकी होती. मग पोरीनं पूर्ण नाव विचारलं. मी माझं सांगितलं, आणि पुढं मालकांचं लावायचं तिथं तुझं लावलं. मालकांनी विळा खुंटीला अडकवला, घाम पुसला.

"राहू द्या तसंच. आमचं नाव सातबाऱ्यावर हाय की."

रविवारी ते रेडिओवर लागलं. जन्मभर तुला सगळ्यांनी अमकीची आई, तमक्याची सून म्हटलं. तुझं नाव असं मोठ्यानं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्याच आवाजात.

आता त्या पोरींना सगळ्या म्हाताऱ्यांच्या हाका पाहिजेत. मी रोज गच्चीवर जाऊन सराव केला आणि गळा पार बसला बघ. म्हणून तर हे लिहीत बसले, नाहीतर तुझ्या फोटोपुढं उभी राहून बोललेच असते. हे धाडायचं कुठं, आणि तुला वाचता तरी कुठं येत होतं. पोरी बुधवारी येतो म्हणून गेल्यात. तोवर कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलंय, पण ते टिकायचं जाऊ येईपर्यंतच.