उतरवलेली पट्टी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गाणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका फक्त माझ्या भाच्याला आहे, कारण त्याला घराची घाई आहे.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. ती म्हणेल, एवढे जिने कोण चढणार. तिने चढावेत. तिच्यामागे घर भाच्याचे. तोवर त्याने कळ काढावी.

२. पहिल्या ध्वनिमुद्रिकेची चौकट, कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षाची ढाल आणि बाकीची पदके माझ्या कॉन्व्हेंटला. तिथल्या संगीताच्या सिस्टर माझ्या आवाजाला पत्रा म्हणत आणि त्याच पत्र्याला रोज शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेत. पदके कपाटात ठेवावीत, भिंतीवर नकोत. सिस्टरना मिरवणे खपत नसे.

३. पियानो माझ्या पियानोवादकांना. एकतीस वर्षे ते गृहस्थ माझ्या डाव्या हाताला बसले. कारण लिहिणे भाग आहे.

एकोणिसाव्या वर्षी माझे पहिले गाणे गाजले ते काळी पाच या उंच पट्टीत. मी चाळिशी ओलांडल्यावर वादकांनी ते मला न सांगता अर्ध्या सुराने खाली, पांढरी सहात आणले. कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षाच्या मैदानातल्या कार्यक्रमात आणखी खाली, काळी चार. परदेश दौऱ्यात पांढरी पाच. मला पत्ताच नव्हता, असे मी सर्वांना सांगत आले. गळ्याला पत्ता होता. मी विचारले नाही, इतकेच.

मग रेडिओवरच्या एका निवेदिकेने त्याच गाण्याचे जुने आणि नवे ध्वनिमुद्रण लागोपाठ वाजवले आणि बाईंची पट्टी उतरली, असे हसत सांगितले. दुसऱ्या दिवशी तालमीत, सगळ्या वाद्यवृंदासमोर, मी वादकांना विचारले, "मला म्हातारी ठरवणारे तुम्ही कोण?"

पियानोचे झाकण लावत ते म्हणाले, "ताई, गाणं उतरवलं. तुम्हाला नाही."

मी त्यांना दार दाखवले. पुढच्या कार्यक्रमात हट्टाने काळी पाच धरली आणि दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नाटकात शब्द विसरलेल्या मुलाला वाजवतात तशा. वर्तमानपत्रांना मी घशाचे दुखणे सांगितले. ते खोटे होते. त्यानंतर मी गायले नाही, आणि बारा वर्षांत वादकांना एक फोन केला नाही. चूक माझी होती. हे त्याच आठवड्यात म्हणायला हवे होते.

४. साक्षीदारांबाबत. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मला तर साक्षीला वादकच हवे होते. मी ताळ्यावर आहे की नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून शेवटी फोन केला. नियम सांगितला. पियानो की सही, असे विचारले. बाकीचे बोलायचे होते ते ओठांवर आले नाही.

ते म्हणाले, "सही करायला कधी येऊ?"

सबब, पियानो कॉन्व्हेंटला. कलम ३ मधील बाकी मजकूर कोणीही खोडू नये.

स्थळ: माझी जेवणाची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा
सही: निवृत्त गायिका

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई. प्रकृती तपासली, बुद्धी शाबूत.

साक्षीदार २: पियानोवादक. ताईंनी सर्व कलमे आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. तिसऱ्याला आवाज लागेना, ते मी वाचले. मग त्यांनी माझ्यादेखत सही केली.