शेकड्यातल्या पंच्याऐंशी जुड्या

आणि वरून तुमी माझ्या बापाले म्हणाले, 'पोरीच्या डोक्यात आकडा शिरत नाही, हिले शेतात निंदाले घाला.' गुरुजी, एका उत्तरावर? चौथीचा वर्ग. मी उभी आहे, बोटं मेथीनं हिरवी. तुमी विचारता, 'बाजारात शेकडा जुड्या नेल्या, वीस विकल्या, उरल्या किती?' मी म्हणते, पंच्याऐंशी. वर्ग खदखदला. 'वा बाई! पाच वाटेत उगवल्या काय?' तुमी छडी उगारली अन् फळ्यावर ऐंशी लिहिलं. अहो, आमच्या मळ्याचा शेकडा एकशेपाचाचा. मालेगावच्या बाजारात शंभरावर पाच जुड्या द्याच लागतात, नाहीतर व्यापारी मालाले हात लावत नाही. रोज सकाळी बांधून येत होती मी त्या. तुमाले ठाऊक नव्हतं, आणि मीच ढ ठरली. दुसऱ्या दिवसापासून हाती खुरपं.

आता ऐका. माझ्या पोरीनं अमरावतीले विद्यापीठात संख्याशास्त्र घेतलं. लोकं विचारत, 'हे शिकून मास्तरीणच होणार ना?' ती सांगे, हे शिकलेले लोकं विम्यात लागतात, बँकेत, औषधाच्या कंपनीत, सरकारात. मी म्हणलं, लाग कुठंही, पण गुरुजीसारखी होऊ नको. एकदा सुटीत वांगे निवडता निवडता म्हणते, 'आई, मोजायच्या आधी समोरच्याले विचारायचं, तू कसा मोजतो. आमाले पहिले हेच शिकवलं.' माझ्या हातातलं वांगं हातातच राह्यलं. पहिले हेच, गुरुजी. पिकाचा अंदाज काढणाऱ्या कंपनीत तिची मुलाखत झाली. साहेबानं विचारलं, 'शेतकऱ्याकडून आणलेला आकडा चुकते कायले?' हिनं माझ्या जुड्या सांगितल्या, तुमच्या छडीसकट. साहेब हसले. तुमाले हसले, मले नाही. नोकरी लागली.

रविवारी तुमच्या त्याच शाळेत तिचा सत्कार आहे. आधी तुमच्या फोटोले हार, अन् तो माझ्या हातून. हेडमास्तर म्हणे, 'ताई, गुरुजींच्या आठवणीचे दोन शब्द बोला.' आठवण एकच आहे. पोरगी म्हणते, 'सोड ना वं आई, मेलेल्या माणसाचं काय घेऊन बसली?' काहून सोडू? मले कोणी सोडलं होतं? तुमचा लेक, सून, नातवंडं पुढच्या खुर्च्यांवर बसतील. बसू द्या. सगळ्यांच्या देखत फळ्यावर पंच्याऐंशी लिहीन, मग तुमचा हार.

एक मात्र कबूल करते. 'आमचा शेकडा एकशेपाचाचा', एवढं म्हणलं असतं तर कदाचित तिथंच मिटलं असतं. तोंडात आलं होतं. छडी पाहून गिळलं. तो माझा माझ्यावरचा राग, तोही तुमच्याच नावानं काढून राह्यली इतकी वर्षं. काढीन. हे पत्र टाकू कुठं, तुमाले आता पत्ता थोडाच आहे. तराजूखाली दाबून ठेवते. पण मी गप्प राह्यली तवा तुमी मले चूक धरलं, तसं आता तुमी गप्प राह्यले तर चूक तुमची धरीन. शनिवारी दिवेलागणीपर्यंत मले उत्तर पाह्यजे. माझ्या पंच्याऐंशी बरोबर होत्या का चूक?