धाकट्याला घर का नाही

मी, खाली सही करणारी, मालयान केंद्रातली निवृत्त वास-तपासनीस, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहिते. फुप्फुसं निकामी झाली आहेत, डोकं शाबूत आहे. कोणी शंका काढू नये म्हणून डॉक्टरांना समोर बसवलं आहे.

१. अंतराळ स्थानकात खिडकी उघडून वास घालवता येत नाही. म्हणून बिनमाणसांच्या मालयानातून वर जाणारी प्रत्येक वस्तू आधी हुंगावी लागते. रबर, गोंद, मोजे, सगळं मी आयुष्यभर हुंगलं. त्या कमाईचं हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे आई जिवंत असेपर्यंत इथेच राहील. तिला कोणीही हलवू नये.

२. धाकटा भाऊ घर विकायला टपला आहे. "ताई, आईला चांगल्याशा आश्रमात ठेवू. तिला काय कळतंय आता?" हे तो माझ्या खाटेशी बसून, माझाच चहा पीत म्हणाला. त्याला या घराची एक वीटही मिळू नये. कारण लिहू नका, असं वकील म्हणाले. तरी लिहिते.

तो स्थानकावर होता तेव्हा आईने अधू डोळ्यांनी त्याच्यासाठी स्वेटर विणला. तिच्या औषधी तेलाचा वास जाईना, म्हणून मीच तो पुन्हा पुन्हा धुऊन वाळवला आणि पास केला. माल उतरवला की त्याच यानात स्थानकाचा कचरा भरतात आणि परतताना यान कचऱ्यासकट जळून जातं. वजन एका बाजूला कलू नये म्हणून त्या भरणीचे फोटो आमच्याकडे येत. एका फोटोत लघवीची गळकी पिशवी होती, आणि गळती टिपायला तिच्याखाली बोळा करून कोंबलेला आईचा स्वेटर. यान जळून गेलं त्याच दिवशी हा दिवटा पडद्यावरून आईला म्हणाला, "तुझा स्वेटर अंगातून काढवत नाही गं." आई आनंदाने रडली. मी मोरीत जाऊन ओकले. इतकी वर्षं घाण हुंगली, पण अशी किळस कशाचीच आली नव्हती. अजून जात नाही.

३. हे आईला कधीही कळता कामा नये. धाकटा भेटायला आला तर अडवू नये, तिचा जीव त्याच्यात आहे. चहा मात्र त्याने स्वतः करून प्यावा.

४. आईनंतर घर शेजारच्या नर्सबाईंना द्यावं. आईचं अंथरूण बदलताना त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही.

५. केंद्राच्या मोठ्या साहेबांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. निरोप समारंभात माझं तोंडभरून कौतुक केलं, हात मिळवला आणि लगेच रुमालाला पुसला. मी पाहिलं.

६. पॅकिंगमधल्या टकल्याला सायकल द्यायची होती. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे, म्हणून आजच किल्ली त्याच्या हातात दिली.

७. धाकटा कधीच खाली आला आहे हे आई विसरते. सध्या ती त्याच्यासाठी दुसरा स्वेटर विणते आहे. टाके सुटतात, एक बाही लांब झाली आहे. तो पुरा झालेला असो वा नसो, माझ्या अंगात घालावा आणि मगच मला न्यावं. धुऊ नये. आईने विचारलं तर यानातून त्याच्याकडे गेला म्हणून सांगावं. माझ्यासाठी तिने कधी काही विणलं नाही.

वाचून पाहिलं, एक अक्षरही बदलायचं नाही.

सही: ताई
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर २. टकल्या
स्थळ: राहतं घर, आईच्या शेजारची खोली
दिनांक: ३ मार्च, मंगळवार