गटचर्चेतला तो एक प्रश्न

४ जुलै
या शाळेतली पहिली मुलाखत झाली! छोट्या बाईंची. वयाने सगळ्यांत लहान, नोकरी कराराची, म्हणून सगळे त्यांना छोट्या बाईच म्हणतात. माझ्या पीएचडीचा विषय शिक्षकांवरचं निकालाचं दडपण. बराच वेळ गोड गोड बोलल्या. मग एकदम म्हणाल्या, "खरं सांगू? वार्षिक चाचणीत आम्ही मुलांना उत्तरं सांगतो. सगळेच. सांगावीच लागतात." आणि घाबरल्या. मी शब्द दिला — तुमचं नाव कुठेही येणार नाही.

९ जुलै
आज गटचर्चा. स्टाफरूममध्ये खुर्च्या गोल मांडल्या, मध्ये रेकॉर्डर. सगळे शिक्षक मूग गिळून! गणिताच्या बाई सर्वांत ज्येष्ठ. त्या वह्या तपासत बसल्या, मान वर केली नाही. दडपण? छे, आमच्याकडे खेळीमेळीचं वातावरण — फिरून फिरून तेच. शेवटी मीच म्हटलं, काही शिक्षक सांगतात की चाचणीत उत्तरं सांगावी लागतात, तुम्हाला काय वाटतं?
कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. सगळे छोट्या बाईंकडे बघत होते.
तोवर या शाळेत मी एकाच व्यक्तीची मुलाखत घेतली होती. तीही शेजारच्या वर्गात, सगळ्यांदेखत दार लावून. 'काही शिक्षक' म्हणे! एवढी अक्कल नाही मला?

१० जुलै
जेवण जात नाही.

१४ जुलै
छोट्या बाई आता डबा एकट्याच खातात. त्या आल्या की स्टाफरूम गप्प होते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून अगदी प्रेमाने विचारलं, कोण म्हणालं हे? नाव सांगता येणार नाही म्हटलं. ते हसले. महिनाअखेरीला छोट्या बाईंचा करार संपतोय, नवा करायचा की नाही ते त्यांच्याच हातात.

१५ जुलै
गाईडना सगळं सांगितलं. म्हणाले, ती शाळा सोडा, दुसरी घ्या. आणि त्या बाईंचं काय? त्यावर त्यांनी घड्याळ बघितलं.
ताई फोनवर म्हणाली, दुसऱ्या शाळेत ऐकलं होतं असं सांगून टाक. दुपारी तेही केलं. मुख्याध्यापक म्हणाले, "असं होय!" खोटंसुद्धा धड बोलता येत नाही मला.

२१ जुलै
छोट्या बाई फाटकापाशी भेटल्या. मी माफी मागितली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. "माझं रेकॉर्डिंग तेवढं पुसून टाका," म्हणाल्या. त्यांच्यासमोरच पुसलं. शिक्षकांचं ऐकून घ्यायला निघाले होते, आणि जिने तोंड उघडलं तिलाच तोंडघशी पाडलं. नको ती पीएचडी. काही नको.

२८ जुलै
गणिताच्या बाई घरी आल्या. बसल्याही नाहीत. मुख्याध्यापकांना सांगून आल्यात — "ते मी बोलले होते, त्या संशोधनवाल्या बाई बसस्टॉपवर भेटल्या तेव्हा. त्या पोरीचा काही संबंध नाही."
"मी आता निवृत्त होणार, माझं काय वाकडं करतील? ते तुम्हाला विचारतील. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."
मी त्यांच्याशी आजवर एक शब्दही बोलले नव्हते.