कापणीच्या सणातला कोंबडा

प्रिय सॅममामा,

काल चर्चमध्ये कापणीचा सण झाला, तू गेल्यानंतरचा पहिला. तिथे काय घडले ते आईला सांगितले, तेव्हा ती हसता हसता डोळे पुसू लागली आणि म्हणाली, "हे सॅमला कळायला हवं होतं." म्हणून हे पत्र.

मंडळींनी आणलेली फळे, भाज्या आणि केक वेदीपुढे मांडून उपासना झाली. मग नेहमीप्रमाणे आवारात लिलाव सुरू झाला. दुधीभोपळा विकला गेल्यावर लिलाव पुकारणाऱ्या शांतवनकाकांनी पाय बांधलेला कोंबडा वर धरला. दरवर्षी तो तूच घ्यायचास आणि वसईला मित्राच्या वाडीत नेऊन सोडायचास. आमच्या घरात ते इतके ठरलेले होते की, तू नसताना त्याचे काय होईल हा विचार माझ्या मनात त्या क्षणापर्यंत आलाच नव्हता.

"यंदा रस्सा पक्का," भास्करकाका म्हणाले. "अडवणारा वर गेला." दोघेचौघे हसले, मग माझ्याकडे पाहून ओशाळले.

मी कशी आहे हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? शाळेत पहिली येण्याचे मला भय नव्हते. बक्षीस घ्यायला व्यासपीठावर जाण्याचे होते. डिलाईल रोडच्या आपल्या गॅलरीत मी पुस्तक घेऊन बसले की तू तुझ्या हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावायचास. त्या हेवी मेटलचा एकही शब्द मला कळत नसे, पण त्या गोंगाटात लाजायला जागाच उरत नसे. कवटीचे चित्र असलेला टी-शर्ट इस्त्रीच्या शर्टाखाली घालून तू उपासनेला यायचास. आजी रागावली की म्हणायचास, "आई, मरण आणि पाप यांच्याबद्दल आपण चर्चमध्ये हळू बोलतो, हे लोक मोठ्याने बोलतात. विषय तोच आहे." ते मला तेव्हा उद्धट वाटले होते. आता त्यात तुझी श्रद्धा दिसते. देवासमोर आवाज बदलायचा नाही, एवढेच तुझे म्हणणे होते ना?

तर मी बोली लावली. ती शेजारच्या बाईंनाही ऐकू गेली नाही. पुन्हा लावली. भास्करकाका वाढवत गेले, मीही वाढवत गेले, आणि शेवटी ते म्हणाले, "जाऊ दे. रश्श्याला सोन्याचा भाव नको."

कोंबडा माझा झाला. पण आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. घेणारा वस्तू देवाला परत देतो आणि ती पुन्हा लिलावात येते. चांगला केक असाच तीन-चार वेळा विकला जातो. शांतवनकाकांनी प्रेमाने विचारले, "बेटा, देवाला परत?" आणि मी म्हणाले, "हो काका."

मोठ्यांनी काही विचारले की 'हो' म्हणायचे, एवढेच माझ्या जिभेला ठाऊक होते! कोंबडा पुन्हा वर गेला. भास्करकाका म्हणाले, "अरे वा, आमचं नशीब."

"नाही," मी ओरडले. तो आवाज माझ्यातून निघाला यावर माझाच विश्वास बसेना. "परत नाही. तो माझा आहे."

शांतवनकाका म्हणाले, "अगं, पण देवाला दिलेलं मागे कसं घ्यायचं?"

"देवाला दिला ना काका? मग देव त्याला कापणार आहे का?"

पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. भास्करकाकाच शेवटी म्हणाले, "द्या हो तिला. नाहीतर पुढच्या वर्षी केस वाढवून गिटार घेऊन येईल. मामाचीच भाची."

आता तो गॅलरीत तांदूळ टिपतो आहे. रविवारी मी त्याला वसईला नेईन.

पण मामा, एक विचारू? तू दरवर्षी एक कोंबडा सोडवलास. लिलावात कोंबडा नकोच, असे एकदाही का म्हणाला नाहीस? निवडणुकीत आपल्या गल्लीत कोणी मते मागायला आले की तू दार लोटून म्हणायचास, "माझा पक्ष वरती आहे." लहानपणी मला ते पवित्र वाटे. आता वाटते, तू ज्याला राजकारण म्हणून हिणवायचास, ते कधी कधी चारचौघांत उभे राहून "ही रीत बदलू या" असे म्हणणे एवढेच असते. दया तू एकट्याने केलीस. इतरांना तिच्यात बोलावले नाहीस.

कदाचित तुला कोणाचे मन मोडायचे नसेल. नगरकडच्या आपल्या गावात ज्याच्या घरी दुसरे काही नसे तो कोंबडा आणत असे, हे आजीने आपल्याला कितीदा सांगितले आहे. त्या देणाऱ्याचा मान मलाही राखायचा आहे.

म्हणून तुला शब्द देते. मंडळीच्या वार्षिक सभेत मी उभी राहीन. कोंबडा जरूर आणावा, त्याच्यासाठी प्रार्थना व्हावी आणि तो कोणाच्या तरी वाडीत जावा, एवढेच मागेन. ठराव पडेल आणि भास्करकाका माझी टिंगल करतील. त्याच्या पुढच्या सभेत मी पुन्हा उभी राहीन.

तुझी भाची,
करुणा